पगार किती, यापेक्षा त्यात काय येते?



सिलिकॉन ओएसिसमधल्या आपल्या घरांत एक वाद हमखास होतो. गावाहून आलेले आई-वडील म्हणतात, "आम्ही पोटाला चिमटा काढून चार मुले शिकवली, तुम्हाला एवढ्या पगारातही का पुरत नाही?" मुलगा घरभाडे आणि शाळेच्या फीचा आकडा पुढे करतो. दोघेही खरेच बोलतात, फक्त त्यांची मापे वेगळी आहेत.

बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात योग्य माप दाखवले. चलनाचा विनिमय दर स्थिर ठेवून भागत नाही, त्याची खरेदीशक्ती स्थिर राहिली पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. दिरहमचेच पाहा. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर हललेला नाही. घरभाडे मात्र जागेवर थांबले नाही, आणि २०१८ पासून ५ टक्के व्हॅटही आला. १९९७ च्या सुमारास गावी पाठवलेल्या १,००० दिरहमचे साधारण १०,००० रुपये होत. आता २२,००० च्या वर होतात. पण तिकडचे भावही तेव्हाचे राहिलेले नाहीत.

दुसरा फरक म्हातारपणाचा. रेल्वे-पोस्टात लागलेल्या पिढीचा पगार कमी होता, पण पेन्शन ठरलेली होती. २००४ पासून तिथल्या नव्या भरतीची ती जुनी पेन्शन बंद झाली. इथे परदेशी नोकरदाराला साधारणपणे ग्रॅच्युइटी मिळते: पहिली पाच वर्षे दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन, पुढे ३० दिवसांचे. म्हणजे दहा वर्षांच्या नोकरीला २५५ दिवस, जेमतेम साडेआठ महिने.

अंगुत्तर निकायात तथागतांनी दीघजाणू कोलियाला गृहस्थाच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: उद्योगशीलता, कमाईचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे तराजू धरणाऱ्याप्रमाणे जमा आणि खर्च तोलून जगणे. तथागतांनी उधळपट्टीला दोष दिला, तसाच असून न खाणाऱ्या कंजूषपणालाही.

या आठवड्याचा अभ्यास: आई-वडील आणि मुलांनी एकत्र बसून लिहावे. महिन्याचे भाडे, शाळेची फी आणि किराणा यांसाठी तेव्हा किती दिवसांचा पगार लागे आणि आज किती लागतो? शेवटी एक ओळ: उद्या नोकरी थांबली, तर घर किती महिने चालेल? त्या ओळीचे उत्तर लहान असेल, तर वाद बाजूला ठेवून बचतीची सुरुवात याच महिन्यात करावी.

जय भीम, नमो बुद्धाय!