मोह आणि करवत मासा

आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते आणि प्रकाशा गावाजवळून तापी. दोन्ही नद्या पुढे खंभातच्या आखातात अरबी समुद्राला मिळतात. सातपुड्याच्या डोंगरात मोहाचे झाड वाढते. अरबी समुद्रात करवत मासा आढळतो. पण आता अगदी क्वचित. या दोघांची आज तुलना करू या.

प्रथम वर्गीकरण पाहू. मोहाचे शास्त्रीय नाव ‘मधुका लॉन्जिफोलिया’. तो वनस्पतिसृष्टीतील सपुष्प वृक्ष आहे. तुम्ही आवडीने खाता तो चिकू मोहाच्याच कुळातला! करवत माशाचे नाव ‘प्रिस्टिस प्रिस्टिस’. तो प्राणिसृष्टीतला. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. लांबट शरीरामुळे तो मुशीसारखा दिसतो. पण मुशीच्या कल्ल्यांच्या फटी शरीराच्या बाजूंना असतात, तर याच्या खालच्या अंगाला. म्हणून तो पाकट माशांच्या गटातला. केवळ रूपावरून नाते ठरवू नये, हे वर्गीकरण आपल्याला शिकवते.

आता संवर्धन. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोहाची फुले पहाटे गळतात. आदिवासी बांधव ती वेचून वाळवतात. बियांपासून तेल निघते. एवढे देणारे झाड कोण तोडील? तरीही एक धोका आहे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला, तर लहान रोपे जळतात. सगळ्या बिया वेचल्या, तर नवे झाड उगवणार कसे? म्हणून पाला जाळू नये, झाडून घ्यावा. थोड्या बिया जमिनीवर राहू द्याव्यात.

करवत माशाची स्थिती अधिक गंभीर आहे. त्याची दातेरी करवत जाळ्यात सहज अडकते. मादी थोडीच पिल्ले देते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. जगभर तो ‘अतिसंकटग्रस्त’ मानला जातो. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये २००१ पासून करवत माशांना संरक्षण आहे. जिवंत सापडला, तर जाळे कापून त्याला समुद्रात सोडावे. जाळे पुन्हा विणता येते. नाहीशी झालेली जात परत येत नाही.

मोहाला जपून वापरावे, करवत माशाला हात लावू नये. दोघांच्या रक्षणाचे मार्ग वेगळे, हेतू एकच.

शब्दार्थ
करवत – आरी
कूर्चा – हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊती
मुशी – शार्क मासा
पाकट – चपट्या अंगाचा मासा
संवर्धन – जतन, हिफाजत

स्वाध्याय
१. करवत माशाला मुशी का म्हणता येत नाही?
२. पालापाचोळा जाळल्याने मोहाचे कोणते नुकसान होते?
३. ‘जाळे पुन्हा विणता येते’ असे लेखक का म्हणतात?
४. उपक्रम : तुमच्या गावातील एका झाडाखाली त्याची किती रोपे आहेत, ते मोजा व पाच वाक्ये लिहा.