सातबाऱ्यावर घरधनिणीचे नाव

खुरपणी, वेचणी, बियाण्याची निवड व साठवण, गुरांचे शेणपाणी ही कामे बहुतेक शेतकरी कुटुंबांत स्त्रियाच करतात. तथापि ‘शेतकरी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो व सभेचे निमंत्रणही त्यालाच जाते. अहिल्यानगरलगत नागापूर येथे औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी घरचा पुरुष कारखान्यात पाळीवर गेला, म्हणजे कांद्याला पाणी केव्हा द्यावयाचे हे स्त्रीलाच ठरवावे लागते. मग सभेत सांगितलेली औषधाची मात्रा तिच्या कानी कशी पडावी?

स्त्रीला शेतीतले काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी याच जिल्ह्यातील कोंभाळणे (ता. अकोले) येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांचे कार्य पाहावे. त्यांना शाळेत जावयास मिळाले नाही. परंतु गावठी भाज्या, कडधान्ये व भात यांचे वाण जतन करून त्यांनी बियाण्यांची बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. जपानमध्ये शेतीकामात स्त्रियांचा वाटा मोठा असूनही निर्णय व मिळकत बहुधा पुरुषांच्या हाती राहत असे. म्हणून १९९५ पासून तेथील शासनाने शेतकरी कुटुंबांनी कामाचे तास, मोबदला व सुट्टी यांविषयी आपसांत लेखी करार करावा, यास उत्तेजन दिले.

आपल्याकडे १९८६ साली चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. पुढे श्री. शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली व अनेकांनी जमीन पत्नीच्या नावे केली. १९९२ साली राज्य शासनानेही पतीने स्वेच्छेने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. नाव नसेल, तर पीककर्ज व नुकसानभरपाई मिळविताना कष्ट करणाऱ्या स्त्रीलाच अडचण येते. पतीच्या निधनानंतर तर वारसनोंदीसाठी तिला दारोदार हिंडावे लागते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात. सभा स्त्रियांना सवड असेल अशा वेळी घ्यावी. निमंत्रण पतिपत्नी दोघांनाही द्यावे. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक स्त्रियांच्या हातून करवून घ्यावे. सहधारक नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे कसा करावयाचा, हे सभेत समजावून सांगावे.

शेतकरी बंधूंनो, या हंगामात आपला सातबारा काढून पाहा. आपल्या बरोबरीने राबणारीचे नाव त्यावर नसेल, तर अर्ज करण्यास विलंब लावू नका.