कवठाची लागवड व उपयोग

शीत देशांत रानसफरचंद नावाचे एक लहानसे आंबट-तुरट फळ होते. ते नुसते खाल्ले तर तोंड वाकडे होते. पण साखरेबरोबर शिजविले असता त्याची उत्तम जेली होते. आपल्याकडे हाच गुण कवठात आहे. तथापि महाशिवरात्र आली म्हणजे त्याची आठवण व्हावी आणि एरवी त्याने बांधावर उपेक्षित उभे राहावे, अशी त्याची स्थिती आहे. यास्तव या झाडाविषयी विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कवठ हे लिंबू व बेल यांच्याच कुळातील झाड होय. त्याचे पान चुरगळून हुंगल्यास बडीशेपेसारखा वास येतो. फांद्यांस तीक्ष्ण काटे असतात. कोरडी हवा व हलकी जमीन त्यास सोसते. म्हणून जेथे पाण्याचे दुर्भिक्ष, तेथे ते विशेष सोयीचे.

पिकलेल्या फळातील बी धुऊन सावलीत सुकवावे व पावसाळ्याच्या आरंभी वाफ्यात पेरावे. रोप हातभर वाढले म्हणजे पुढील पावसाळ्यात खड्डा खणून, माती व कुजलेले शेणखत भरून त्यात लावावे. गुरांपासून रक्षणार्थ कुंपण करावे व पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे. बियांपासून वाढविलेल्या झाडास फळ धरण्यास सुमारे 15 वर्षे लागतात; डोळा भरून केलेले कलम त्याहून लवकर फळते.

फळ पिकले की नाही हे कवचावरून कळत नाही. ते सुमारे एक फूट उंचीवरून कठीण जमिनीवर टाकावे. उसळले तर कच्चे, न उसळले तर पिकलेले समजावे.

पिकलेल्या गराची गूळ, जिरे, तिखट व मीठ घालून चटणी करतात. जेलीसाठी मात्र नुकतीच पिकू लागलेली आंबट फळे घ्यावी. गर बुडेल इतके पाणी घालून तो मंद आचेवर अर्धा तास शिजवावा व पातळ फडक्यात बांधून टांगावा. फडके पिळू नये. पिळल्यास रस गढूळ होतो. गळलेल्या रसात तितकीच साखर घालून कढवावे. पळी तिरपी धरली असता थेंब सुटे न पडता एकत्र होऊन लोंबू लागले, म्हणजे जेली झाली. फळातील ज्या द्रव्यामुळे रस असा थिजतो, त्यास पेक्टिन म्हणतात. ब्राकोनो नामक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1825 साली त्यास हे नाव दिले. पेक्टिन, आंबटपणा व साखर ही तिन्ही योग्य प्रमाणात असावी लागतात. पैकी पहिली दोन कवठात मुळातच आहेत.

आता एक गोष्ट आमच्या पदरची. आमच्या परसात वडिलांच्या हातचे एक कवठ होते. काटे मुलांस बोचतात व अंगण अडते, म्हणून आम्हीच ते तोडविले. त्यास एक सकाळ पुरली. पुढील हिवाळ्यात मुलींनी चटणीकरिता कवठ मागितले, तेव्हा ते बाजारातून विकत आणावे लागले. त्याच फळाचे बी आम्ही पेरिले. त्या रोपास आज सहा वर्षे झाली. ते आमच्या डोक्याइतके उंच आहे, परंतु फळाचा पत्ता नाही.

ज्यांच्या बांधावर जुने कवठ उभे आहे, त्यांनी कुऱ्हाड आणण्यापूर्वी ही वर्षे मोजावी. आणि विद्यार्थ्यांनी येत्या पावसाळ्यात एकेक बी अवश्य पेरावे. त्याचे फळ पहिल्याने आपल्या धाकट्या भावंडांच्या हाती पडले, तरी श्रम वाया गेले असे आम्ही मानणार नाही.