ग्रेटफुल डेडची भिंत
गॅदरिंगला माइक शिट्टी मारतो, कारण स्पीकरचा आवाज परत माइकमध्येच शिरतो. म्हणून आपण स्पीकर गायकाच्या पुढे ठेवतो. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेडने १९७४ मध्ये स्पीकरची अख्खी भिंत पाठीमागेच उभी केली! का, तर बँडला आणि मागच्या रांगेला एकच आवाज ऐकू यावा. मग शिट्टी? प्रत्येक गायकाला दोन माइक, उलट्या फेजमध्ये जोडलेले. भिंतीचा आवाज दोन्हींत जवळपास सारखा, तो वजा होतो. गायक एकाच माइकला तोंड लावतो, तेवढं उरतं. मी रूमवर करून पाहिलं. तोंड जरा लांब गेलं की गाणंही गायब!

खर्च झेपेना, भिंत त्याच वर्षी बंद. चाहत्यांचं टेप करणं मात्र थांबलं नाही. १९८४ मध्ये बँडने त्यांना वेगळी जागाच दिली. गाणी रोज वेगळी वाजायची, एका कॅसेटवर कुणाचं भागणार?