विमानाने जाणाऱ्या आंब्याची आगाऊ माहिती

विमानाने परदेशी आंबा पाठविताना फळ निवडले व पेटी बांधली, एवढ्याने काम संपत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनमधून निघालेल्या दोन पार्सलांत छपाईयंत्राच्या शाईच्या डब्यांत दडविलेली स्फोटके सापडली. तेव्हापासून माल विमानात चढण्यापूर्वीच त्याची माहिती तपासण्याची पद्धत आली. अमेरिकेने ती जून २०१८ मध्ये सक्तीची केली. युरोपीय संघाने सर्वसाधारण विमानमालास १ मार्च २०२३ पासून लागू केली.

ही माहिती विमान कंपनी संगणकाद्वारे तेथील सीमाशुल्क खात्यास कळविते. परंतु तिचा उगम पेट्या बांधतात तेथेच असतो. पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे पूर्ण नाव आणि पत्ता, पेट्यांची संख्या, एकूण वजन व मालाचे वर्णन अचूक असावे. 'कृषिमाल' असे मोघम न लिहिता 'ताजे आंबे' असे लिहावे. युरोपसाठी ०८०४५० हा सहा अंकी संकेतांकही द्यावा.

माहितीत शंका निघाल्यास खुलासा होईपर्यंत माल विमानात चढविता येत नाही. फळ मात्र पिकतच राहते. म्हणून पेट्या मोजूनच आकडा लिहावा व ऐन वेळी पेटी कमी झाल्यास एजंटास ताबडतोब कळवावे. ग्रामसेवकांनी पहिल्या खेपेपूर्वीच बागाईतदारांकडून ही नोंद तयार करवून घ्यावी.