जुन्या मालमोटारीची साक्ष

शहरांतील भंगारबाजारांत, एखाद्या लांकडाच्या वखारींत किंवा गांवाबाहेरच्या बाभळीखालीं वर्षानुवर्षें उभी असलेली मोडकी मालमोटार आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तिच्याविषयीं चौकशी केली असतां नाना प्रकारचीं उत्तरें मिळतात. कोणी म्हणतो, ही लढाईंतली आहे. कोणी सांगतो, ही एका सेनापतीची खास गाडी होती. तर कोणाच्या मतें ती पहिल्यापासून पाण्याची टांकी वाहणारीच होती. या सर्वांस विचारण्यासारखा प्रश्न एकच: हें कशावरून? या प्रश्नाचें उत्तर ऐकीव गोष्टींत न शोधतां प्रत्यक्ष त्या गाडीकडूनच कसें मिळवावें, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

विद्यार्थी मित्रहो, न्यायाधीश ज्याप्रमाणें प्रत्येक साक्षीदाराची योग्यता तपासतो, त्याप्रमाणें येथेंही तीन नियम ध्यानांत ठेवावे लागतात. पहिला नियम असा कीं, जी वस्तु सहज बदलतां येते तिची साक्ष दुबळी व जी बदलण्यास अवघड तिची साक्ष बळकट. दुसरा, कोणतेंही वाहन आपल्या मूळच्या भागांपैकीं सर्वांत नव्या भागाहून जुनें असूं शकत नाहीं. तिसरा, एका खुणेवर निकाल देऊं नये. परस्परांपासून स्वतंत्र अशा दोनतीन खुणा एकाच दिशेस बोट दाखवूं लागल्या म्हणजेच निर्णय करावा.

उदाहरणादाखल दुसऱ्या महायुद्धांतील कॅनडाच्या लष्करी नमुन्याची मालमोटार घेऊं. १९३७ सालीं कॅनडाच्या संरक्षण खात्यानें फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या कॅनडांतील कंपन्यांस, ब्रिटिश सैन्याच्या गरजांस उतरेल अशी लष्करी मोटार तयार करण्यास सांगितलें. महायुद्ध पेटल्यावर दोन्ही कंपन्यांनीं एकाच नमुन्याबरहुकूम गाड्या काढण्यास आरंभ केला, आणि १९४५ पर्यंत त्यांची संख्या चार लाखांवर गेली. उत्तर आफ्रिका, इटली व ब्रह्मदेश या रणक्षेत्रांत त्या धांवल्या, आणि त्या वेळच्या हिंदी सैन्यानेंही त्या वापरल्या. युद्ध संपल्यावर शिल्लक गाड्या विकल्या गेल्या व मालवाहतुकीच्या कामीं लागल्या. म्हणून आपल्या देशांतही अशी गाडी दृष्टीस पडणें अशक्य नाहीं.

तिची पहिली ओळख तिच्या तोंडावरून पटते. तिचें नाक आंखूड व बसकें असून चालकाची खोली इंजिनाच्या जवळजवळ अंगावर चढलेली दिसते. याचें कारण सौंदर्याची हौस नव्हे. जहाजांत एकेक हात जागा मोलाची असल्यामुळें गाडीची लांबी शक्य तितकी कमी ठेवणें अवश्य होतें. त्यापायीं चालकाच्या पायांस मात्र अडचण सोसावी लागे.

काल ठरविण्यास ही चालकाची खोलीच सर्वांत उपयोगी पडते, कारण तिचे तीन प्रकार एकामागून एक निघाले. त्यांस ११, १२ व १३ असे क्रमांक आहेत. अकरा क्रमांकाची खोली १९४० सालची होय. तींत इंजिनावरील झांकण दोन भागांचें असून पुढचा रेडिएटर वेगळा जोडल्यासारखा दिसतो. बारा क्रमांकाची खोली १९४० च्या अखेरीपासून १९४१ पर्यंत निघाली. तिचें झांकण अखंड असून मागच्या कडेच्या बिजागरीवर मगरीच्या जबड्याप्रमाणें उघडतें. तेरा क्रमांकाची खोली १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत चालली, आणि ती ओळखण्यास लहान मुलासही वेळ लागणार नाहीं. तिच्या पुढच्या दोन सपाट काचा वरच्या बाजूस पुढें व खालच्या बाजूस आंत अशा कललेल्या, जणूं जमिनीकडे पाहणाऱ्या असतात. अशा कलण्यामुळें चालकाच्या डोळ्यांवर तिरीप येत नसे व काचेची चकाकी शत्रूच्या विमानांस दिसत नसे.

यानंतर मोजपट्टी हातीं घ्यावी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचें अंतर मोजावें. सांगाड्याची लांबी बदलणें फार कष्टाचें असल्यानें ही साक्ष बळकट आहे. तें अंतर सुमारें १०१ इंच भरल्यास गाडी बहुधा १५ हंड्रेडवेटची किंवा तोफ ओढणारी. १३४ इंच भरल्यास ३० हंड्रेडवेटची किंवा आंखूड सांगाड्याची तीन टनी. आणि १५८ इंच भरल्यास लांब सांगाड्याची तीन टनी समजावी. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, अर्थात् सुमारें ५१ किलो. असे वीस मिळून एक टन होतो. कारखान्याच्या सांकेतिक नांवांतही हाच हिशेब आहे. ‘सी ६० एल’ या नांवांत ‘सी’ म्हणजे शेव्हरोले, ‘६०’ म्हणजे साठ हंड्रेडवेट, म्हणजेच तीन टन, व ‘एल’ म्हणजे लांब सांगाडा. आरंभीं ‘एफ’ असल्यास ती फोर्डची. हें नांव धातूच्या पट्टीवर कोरलेलें असतें. परंतु पट्टी चार खिळ्यांची सोबतीण, ती एका गाडीवरून दुसरीवर जाऊं शकते. यासाठीं ती मापांशीं ताडून पाहावी.

इंजिनाची साक्ष त्याहूनही सावधपणें घ्यावी. मूळच्या शेव्हरोले गाडींत एका ओळींत सहा सिलिंडर असत व फोर्डमध्यें आठ सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणें मांडलेले असत. दोन्हीं इंजिनें पेट्रोलचीं होतीं. डिझेल इंजिन आढळल्यास तें मागाहून बसविलें, एवढेंच सिद्ध होतें. गाडी नवी ठरत नाहीं. तीच गोष्ट चाकांची. लष्करी गाडीस मागें दोन्हीं बाजूंस एकेकच रुंद टायर असे. जोडचाकें दिसल्यास तीं बहुधा पुढील व्यापारी आयुष्यांतलीं समजावीं.

आतां मूळचा उपयोग शोधूं. मागील हौदा सांगाड्यास बोल्टांनीं जोडलेला असल्यानें तो बदलतां येतो, पण बदलणारा भोंकें बुजवीत नाहीं. सांगाड्यावर निरुपयोगी भोंकांची ओळ दिसली, तर तेथें पूर्वीं कांहीं दुसरें बसविलेलें होतें. आंखूड सांगाड्यावर दोर गुंडाळण्याच्या यंत्राच्या खुणा असल्यास ती तोफ ओढणारी असण्याचा संभव मोठा. मागच्या आंसाच्या मध्यावरील लोखंडी गोळ्यावर पांढरा रंग व त्याजवळ लहान दिव्याची बैठक आढळल्यास ती लष्करी ताफ्याची पक्की खूण होय. काळोख्या रात्रीं मोठे दिवे न लावतां चालतांना मागच्या चालकानें त्या पांढऱ्या ठिपक्याचा माग धरावा, अशी ती योजना होती.

रंगाच्या थरांत तर अक्षरें लपलेलीं असतात. ब्रिटिश पद्धतीच्या लष्करी नोंदणींत क्रमांकापूर्वीं एक अक्षर असे: ‘एल’ म्हणजे मोठी लॉरी, ‘झेड’ म्हणजे एक टनाहून हलका ट्रक, ‘एच’ म्हणजे ओढणारी गाडी व ‘ए’ म्हणजे रुग्णवाहक. कधीं कधीं पथकाचें चिन्हही सांपडतें. चौथ्या हिंदी डिव्हिजनचें चिन्ह लाल गरुड होतें, तर ब्रह्मदेशांत लढलेल्या सतराव्या डिव्हिजनचें काळी मांजर.

समजा, एका गाडीच्या काचा खालीं आंत कललेल्या आहेत, चाकांतील अंतर १५८ इंच आहे, वरच्या निळ्या रंगाखालीं हिरवा व त्याखालीं वाळूसारखा रंग आहे, बाजूस ‘एल’ अक्षर पुसट दिसतें, आणि पाठीवर पाण्याची टांकी आहे. पण टांकीच्या बोल्टांशेजारीं जुन्या भोंकांची दुसरी ओळ आहे. यावरून काय म्हणतां येईल? गाडी १९४१ ते १९४५ मधील, तीन टनी लष्करी लॉरी असून टांकी नंतरची आहे. ती १९४० सालीं डंकर्कच्या माघारींत होती असें कोणी सांगितल्यास तें खोटें, कारण तशी खोलीच तेव्हां निघाली नव्हती. परंतु वाळूच्या रंगावरून ती वाळवंटांत लढली असें मात्र म्हणूं नये. तिला एकदां तो रंग दिला होता, इतकेंच खरें. जेथें पुरावा थांबतो तेथें आपणही थांबावें.

या साक्षीस एक मोठें भय आहे, आणि तें गंजापेक्षां उत्साहाचें अधिक आहे. हौसेनें गाडी नवी करणारा मनुष्य तारेच्या ब्रशानें एका दुपारीं सर्व थर खरवडून टाकतो, आणि पुन्हां न मिळणारें दफ्तर धुळीस मिळतें. म्हणून हात लावण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं, मापें टिपावीं, रंगाचा निदान वीतभर भाग तसाच राखावा. आणखी एक सूचना पालकांनींही ध्यानीं घ्यावी. या गाड्यांचीं चाकें दोन भाग बोल्टांनीं आवळून केलेलीं असतात. टायरमध्यें हवा असतांना ते बोल्ट सोडविल्यास लोखंड उसळून प्राण जाऊं शकतो. मुलांनीं त्यांस स्पर्शही करूं नये.

त्या युद्धांत हिंदी सैन्यांत पंचवीस लाखांच्या सुमारास माणसें होतीं. मराठा पलटणींतील यशवंत घाडगे यांस १९४४ सालच्या व नामदेव जाधव यांस १९४५ सालच्या इटलींतील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हें आपण अभिमानानें सांगतों. परंतु त्या सैन्यांस अन्न, पाणी व दारूगोळा पोहोंचविणाऱ्या असंख्य चालकांचीं नांवें आपल्या ओठांवर नाहींत. त्यांच्या कष्टांची खूण कोठें उरली असेल, तर ती अशा एखाद्या सांगाड्यावर, रंगाच्या तिसऱ्या थराखालीं. ती वाचण्यास धन लागत नाहीं. मोजपट्टी, वही, धीर आणि प्रत्येक विधानास ‘हें कशावरून?’ असें विचारण्याची संवय, एवढें पुरे आहे.