नातवंडाची आजी आणि चुकलेली वारी

कार्तिकीचे दिवस जवळ आले की महाड-पोलादपूरकडच्या माळकरी घरांतून एक प्रश्न हमखास कानी पडतो. म्हातारी म्हणते, "माळ घातल्यापासून वारी कधी चुकवली नाही. आता या पोराला कुणाच्या हवाली करू?" मुलगा मुंबईला, सून कामावर, आणि घरात दोन वर्षांचे नातवंड. वारी राहते. मग हा दोष कुणाच्या माथी? वाचक मायबापहो, प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, म्हणून या अंकी त्याचाच थोडा विचार करू.

आमच्याकडे आषाढी पुष्कळांना साधतच नाही. त्या दिवसांत भाताची लावणी असते. सून पावसात, चिखलात वाकलेली आणि पडवीत आजी झोळीची दोरी ओढत बसलेली, हे इकडे घरोघर दिसते. म्हणून शेतकरी वारकऱ्याची भिस्त कार्तिकीवर. पूर्वी घरचा कर्ता मुंबईच्या गिरणीत असे. गिरण्या गेल्या, आता सूनही महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते. पोर मात्र तेव्हाही आजीकडे आणि आजही आजीकडेच.

हेच पोर पुढे सप्त्यात टाळ घेऊन उभे राहिले म्हणजे सगळ्यांना कौतुक वाटते. पण तो टाळ त्याच्या हाती आला कसा? तिन्हीसांजेला दिवा लावून हरिपाठ म्हणताना जिने त्याला मांडीवर घेतले, तिच्यापासून आला. आपण कीर्तनकाराला नारळ देतो, विणेकऱ्याच्या पाया पडतो. हिला काय? "तिचं काय, घरातच तर असते," हे वाक्य आम्ही चांगल्या भजनी घरांतही ऐकले आहे. आम्हाला ते मुळीच रुचत नाही.

रायगडाकडे जाणारा माणूस गडाखाली पाचाडला जिजाऊ आईसाहेबांच्या समाधीपुढे हात जोडतो. शिवरायांच्या माता म्हणून जोडतो, ते योग्यच. परंतु त्या आजीही होत्या, आणि नुसत्या नात्याने नव्हेत. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईसाहेब निवर्तल्या. मूल अवघे सव्वादोन वर्षांचे. त्या वेळी बाप कुठे होता? जावळीच्या खोऱ्यात, प्रतापगडाकडे. म्हणजे आपल्या पोलादपूरच्या माथ्यावरच म्हणा ना! अफजलखान वाईला येऊन बसला होता. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, पण त्याआधीचे दोन महिने मनात आणून पाहा. आई गेलेली, बाप मृत्यूच्या तोंडावर उभा, आणि गडावर ते लेकरू. त्याला घास भरवायला, रात्री दचकून उठले तर जवळ घ्यायला आजी होती. आईसाहेब तेव्हा साठी ओलांडलेल्या. सून गेल्याचे दुःख आणि पोटच्या मुलाची धास्ती, दोन्ही घोर एकाच वेळी उरावर घेऊन त्यांनी नातू सांभाळला. (सईबाई आजारी असताना कापूरहोळच्या धाराऊने त्याला आपले दूध पाजले. तिचेही नाव इथे घेतले पाहिजे.)

पुढेही आजीची सुटका नव्हती. १६६५ साली पुरंदरच्या तहात आठ वर्षांचा नातू मिर्झाराजांकडे ओलीस गेला. १६६६ साली आग्र्याहून महाराज परतले, तेव्हा नातू बरोबर नव्हता. त्याला मथुरेस ठेवून यावे लागले होते. तो मागाहून सुखरूप आला. मधले दिवस आजीने कसे काढले असतील? ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तो सोहळा आईसाहेबांनी पाहिला आणि १७ जूनला पाचाडला देह ठेवला. नातू तेव्हा सतरा वर्षांचा युवराज होता. पुढे संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा तो हाच.

संतांच्या घरी काय घडले तेही पाहू. एकनाथ महाराजांचे मातापिता ते लहान असतानाच गेले. भानुदासांचा हा पणतू पैठणला आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी वाढवला. पोरवयातच तो घरी न सांगता देवगिरीला जनार्दनस्वामींकडे निघून गेला. म्हाताऱ्यांची काय अवस्था झाली असेल! चरित्रकार सांगतात की पुढे आजोबांनी स्वामींचे पत्र मिळवले, आणि तीर्थयात्रेहून परतलेल्या नाथांनी ते वाचताच पैठणलाच राहायचे ठरवले. नाथांना त्यांच्या गुरूनेच पुन्हा म्हाताऱ्यांच्या दारी आणले. ज्यांना प्रपंच आणि परमार्थ यांचे भांडण लावायची हौस आहे त्यांनी ही कथा दोनदा वाचावी.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. नातवंडासाठी घरी राहिली त्या माळकरणीला दोष नाही. पण दरसाल तिलाच घरी ठेवणारा मुलगा मात्र त्यातून सुटत नाही.

ऋण मानायचे म्हणजे आजीचे सगळेच खरे धरायचे, असे कुणी समजू नये. तान्ह्याला पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे, वर्षाच्या आत मध चाटवू नये, असे डॉक्टर सांगतात. ते आजीने ऐकावे. सुनेनेही तोडून न बोलता, "आई, डॉक्टर असं म्हणाले," असे शांतपणे सांगावे. अशा वेळी मुलाने पेपरात डोके घालून बसू नये.

यंदाची कार्तिकी अजून हाती आहे. मुंबईकर मुलांनी गणपती-शिमग्याला रजा काढावी तशी या वेळी एकादशीच्या आसपास आठ दिवसांची काढावी आणि गावी यावे. पोर काय खाते, कोणत्या कुशीवर निजते, अंगाई कोणती लागते, हे म्हातारीकडून आधी नीट विचारून घ्यावे, म्हणजे तिचा जीव वाटेत मागे राहणार नाही. तिच्या पिशवीत औषध आणि कांबळे घालावे. पोराला कडेवर घेऊन तिला एस.टी.पर्यंत पोहोचवावे. गाडी सुटताना पोर रडेल. रडू द्यावे, आणि त्याला घेऊन घरी परतावे.